डॉक्टरांच्या गळ्यातली नळी

शहर वाढतंय, असं रस्त्याच्या मधोमध भलामोठा फलक लावून सांगितलंय. वाढू दे की. गाठसुद्धा वाढते, म्हणून कोणी तिचे फलक लावत नाही.

त्या फलकाच्या एका बाजूला टॉवर आहेत आणि दुसऱ्या बाजूला पत्र्यांची घरं. मधे रुंद रस्ता. त्याच्यावर पूल बांधलाय, पण तो गाड्यांसाठी. पायी जाणाऱ्यानं दुभाजकावर चढायचं, जीव मुठीत धरायचा आणि पलीकडं उतरायचं. हा उद्योग मी रोज करते, कारण माझे डॉक्टर दोन्ही बाजूंना दवाखाना चालवतात. सकाळी पत्र्यांकडं, संध्याकाळी टॉवरकडं. मी दोन्हीकडं दारात बसते, नावं पुकारते, गोळ्या देते. कॉलेजची दोन वर्षं केली होती, तेवढ्यावर ही खुर्ची मिळाली.

माणूस एकच, पदवीही एकच. बाकी सगळं वेगळं. टॉवरकडं डॉक्टर पांढरा कोट घालतात आणि आवाज असा मऊ करतात की लोण्यानं लाजावं. "या, बसा. झोप कशी लागते हल्ली?" असं सुरू करतात. मग मुलांच्या परीक्षा, मग कुत्र्याची तब्येत. कुत्र्याचं नावसुद्धा त्यांच्या लक्षात असतं. पत्र्यांकडं कोट नाही, पेशंटला खुर्ची नाही, एक स्टूल आहे. तपासायचं टेबल आहे, पण त्यावर औषधांचे खोके रचलेत. तिथं डॉक्टर दोनच शब्द बोलतात. "हं" आणि "पुढे". टॉवरकडं ते मला 'सिस्टर' म्हणतात, मी नर्स नसूनही. पत्र्यांकडं 'अगं ए'.

आणि ती नळी. तपासायची नळी, दोन्हीकडं तीच. टॉवरकडं ती कानात जाते. त्याआधी डॉक्टर तिची चकती तळहातावर धरून गरम करतात, बाईसाहेबांच्या अंगाला गार लागू नये म्हणून. मग डोळे मिटून ऐकतात. पत्र्यांकडं चकती शर्टावरून छातीला लागते आणि लगेच उचलली जाते. कानात घालायची टोकं मात्र गळ्यातच लोंबत असतात. नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं, नवीन तऱ्हेची नळी असेल, गळ्यानं ऐकत असतील. नंतर कळलं की कानात घातली तर ऐकावं लागतं, ऐकलं तर वेळ जातो, आणि बाहेर रांग असते. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक मी ऐकले होते, पण हा गृहस्थ उंटावरून खाली वाकायलाही तयार नव्हता.

गंमत म्हणजे याचा फोटो आहे. टॉवरकडच्या दवाखान्यात, सोफ्याच्या वर, चांगल्या चौकटीत. डॉक्टर एका गरीब पोराच्या छातीला नळी लावून हसतायत. खाली 'सेवा' असं लिहिलंय. टोकं गळ्यात आहेत, अगदी स्वच्छ दिसतात. टॉवरमधले शिकलेसवरलेले लोक त्या फोटोखाली बसून "किती करता हो तुम्ही" म्हणतात. एकाच्याही डोळ्यांना ते दिसलं नाही. पदव्या भिंतीला टांगायच्या असतात, डोळ्यांना नाही, हे मला तिथंच समजलं.

आता मुंगीचं सांगते. मुंगी म्हणजे माझी धाकटी नणंद. लहानपणी ही स्वतःपेक्षा मोठी काहीतरी वस्तू कायम ओढत असायची, कधी पाण्याची बादली, कधी पाठचा भाऊ, म्हणून मुंगी. शाळा चौथीत सुटली. पाठच्या भावंडांसाठी घरी कोणीतरी राहायला हवं होतं, आणि आपल्याकडं कोणीतरी म्हणजे मुलगी. भाऊ शिकले. त्यातला थोरला माझ्या पदरात पडला, तो क्रेन चालवतो आणि टॉवर बांधतो. मुंगी एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री करते. टॉवरचे कपडे, हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कोट. दिवसभर वाफेत उभी.

मागच्या वर्षापासून तिला धाप लागायला लागली. आमच्या खोलीचा जिना पाच-सहा पायऱ्यांचा, शिडीच म्हणा ना. त्यात ही मधेच कठडा धरून उभी राहायची, वरचं काहीतरी बघतेय असं दाखवत. मग आडवं झोपवेना. भिंतीला गोधडीची गुंडाळी लावून बसूनच झोपायची. छातीत धडधडतं म्हणायची, पण तेही असं, जणू आमच्याकडं उसनं मागतेय. लाँड्रीतली मुकादम म्हणाली, आळस. माझा नवरा म्हणाला, "रात्री मोबाइल बघते, दुसरं काय." त्याच्या अकलेबद्दल मी लग्नाच्या पहिल्या महिन्यातच आशा सोडली होती.

मी तिला डॉक्टरांकडं नेलं. सकाळी, पत्र्यांकडं. चकती लागली, उचलली. "अशक्तपणा. दूध घे, फळं खा. पुढे." तांबड्या गोळ्या. पुन्हा नेलं, पुन्हा तांबड्या गोळ्या. एका संध्याकाळी मी टॉवरकडं हात जोडून म्हटलं, "डॉक्टर, माझी नणंद आहे, एकदा नीट बघा ना." ते म्हणाले, "अगदी आण की सकाळी, बघतो." आणि सकाळी बघितली, गळ्यात नळी ठेवूनच. सरकारी मोठ्या दवाखान्यात गेलो तर तिथं सांगितलं, आधी जवळच्या डॉक्टरची चिठ्ठी आणा. जवळचा डॉक्टर म्हणजे हाच, आणि हा म्हणाला, अशक्तपणाला चिठ्ठी कशाला. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना!

मुंगी त्या दिवशी दुभाजकावर बसली ती उठेचना. दोन्हीकडून गाड्या आणि ही ओठ निळे करून हसतेय. "थांब वहिनी, जरा दम खाऊ दे." ही पोरगी अशीच एक दिवस बसल्या जागी संपेल आणि दाखल्यावर लिहितील अशक्तपणा, असं मला स्पष्ट दिसलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, "तुला संध्याकाळी नेणार. टॉवरकडं. पेशंट म्हणून."

"मला आत घेतील?"

"नावं मीच घालते की यादीत."

"अगं, पण ओळखतील ना."

"ओळखायला आधी बघावं लागतं. त्यांनी तुझं तोंड कधी बघितलंय?"

म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. साफ खोटं आहे. हे सोंग सगळ्यात सोपं, फक्त कपडे हवेत आणि उद्धटपणा हवा. कपडे लाँड्रीत होते. एक गडद हिरवा ड्रेस होता, त्याची मालकीण परदेशी गेलेली. मुंगी रडकुंडीला आली. "लोकांचा कपडा अंगावर नको गं."

"लोक तुझ्या अंगावरच जगतायत. एक संध्याकाळ तू त्यांच्या कपड्यावर जग."

उद्धटपणाचं अवघड गेलं. दोन दिवस मी तिची शिकवणी घेतली. खुर्चीच्या कडेवर बसायचं नाही, पाठ पूर्ण टेकायची. डॉक्टर आले की उठायचं नाही. 'साहेब' म्हणायचं नाही. ते मधे बोलले तरी आपलं वाक्य पुरं करायचं. आणि काय होतंय ते माफी मागितल्यासारखं सांगायचं नाही.

"मग कसं सांगू?"

"तक्रार कर. हॉटेलात चहा गार आला की ते करतात ना, तशी. 'मला झोपता येत नाहीये, हे चालणार नाही.' म्हण बघू."

"मला झोपता येत नाहीये..." एवढं म्हणून ती थांबली. "वहिनी, हसू येतंय."

तक्रार करायलाही शिक्षण लागतं. टॉवरमधली पोरं ते तिसऱ्या वर्षी शिकतात. आमच्यात जन्म जातो आणि 'बरंय, चाललंय' याच्या पुढं गाडी सरकत नाही.

ठरल्या दिवशी ती आली. केस नीट बांधलेले, हिरवा ड्रेस, माझे बरे बूट, जे तिला मोठे होत होते. त्या 'सेवा' फोटोच्या खाली सोफ्यावर पाठ टेकून बसली. चेहरा इतका घाबरलेला की उलट माजलेला वाटत होता. शेजारच्या बाईनं तिला जागा करून दिली! फी माझ्या पगारातून जायची होती, त्यावर रडत बसायला ही गोष्ट नाही.

नंबर आला. बाईपेशंट तपासताना डॉक्टर मला आत उभं करतात, तसं त्या दिवशीही केलं. म्हणून पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं, हसले, "या, बसा." ओळखीची छटासुद्धा नाही. मुंगी म्हणाली, "मला आडवं झोपता येत नाही. जिना चढता येत नाही. हे... हे चालणार नाही." शेवटी आवाज थोडा चिरकला, पण तो त्यांना बहुधा राग वाटला.

"नाही, नाही, अजिबात चालणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आपण बघू या हं."

टेबलावर पांढरी चादर होती. उशी उंच करून तिला टेकवलं. नळीची टोकं कानात गेली. चकती तळहातावर धरली, जरा चोळली, मग छातीला लावली. डोळे मिटले. एकदा ऐकलं, कुशीवर वळायला सांगून पुन्हा ऐकलं. चेहरा बदलत गेला. मी तिथं भिंतीला चिकटून उभी होते. मग ते खुर्चीत बसले आणि फोन लावला. शहरातल्या सगळ्यात मोठ्या हृदयाच्या डॉक्टरांना.

"सर, माझ्या एक पेशंट आहेत. टॉवरमधल्याच, अगदी घरच्यासारख्या. झडपेचा आवाज आहे, स्पष्ट आहे. थांबण्यात अर्थ नाही. उद्या सकाळी? फार आभार, सर."

वर्षभर तो आवाज त्या छातीत ओरडत होता. मला रडू आलं नाही, राग आला. इतका राग की कानात गुणगुणायला लागलं.

आणि इथं मुंगीनं घोळ केला. घाबरली नाही, चुकीचं बोलली नाही, उठून नमस्कार केला नाही. शिकवलेलं सगळं पाळलं. ती फक्त टेबलावरून उतरली आणि चादर ओढून काढली. दोन टोकं धरून एकदाच झटकली, फट्ट असा आवाज आला. टोकाला टोक जुळलं, मधली घडी हनुवटीखाली धरली गेली, हात फिरला, आणि बघता बघता चादरीची चौकोनी वडी झाली, कडा सुरीनं कापल्यासारख्या. ती तिनं टेबलाच्या मधोमध ठेवली. वरून एकदा तळवा फिरवला. हे तिनं केलं नाही, तिच्या हातांनी केलं.

टॉवरमधल्या कोणी बाईनं त्या टेबलावरची चादर आजवर सरळसुद्धा केली नव्हती.

डॉक्टर बघत राहिले. मुंगीला वाटलं कौतुकानं बघतायत. ती सगळी शिकवणी विसरून हसली आणि म्हणाली, "आमच्याकडचीच आहे साहेब. कोपऱ्यात खूण आहे बघा."

"आमच्याकडची म्हणजे?"

"लाँड्रीतली. मी इस्त्री करते ना."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "सिस्टर, या कोण?"

"माझी नणंद. तुमचीच पेशंट आहे. पलीकडची. अशक्तपणावाली."

आता या माणसाला लाज वाटेल असं मला क्षणभर वाटलं होतं. माझंच चुकलं. लाज वाटायला ती आधी असावी लागते. ते लालबुंद झाले. "ही फसवणूक आहे. मी सरांना शब्द टाकला! घरच्यासारख्या म्हणून सांगितलं!" त्यांचं दुःख हे होतं. झडप नाही, वर्ष नाही, सरांपुढं आपलं काय होणार हे.

मुंगी खाली बघत ड्रेसच्या बाहीवरची नसलेली सुरकुती काढत होती.

डॉक्टरांनी फोन उचलला. मी म्हटलं, "लावा ना. काय सांगणार? कपडे दुसऱ्याचे निघाले म्हणून आवाज बंद झाला?"

"पलीकडं केवढी गर्दी असते, तुला माहीत आहे."

"माहीत आहे. कानात मात्र जागा रिकामीच असते."

त्यांनी फोन पुन्हा खाली ठेवला. दया नव्हे. मोठ्या डॉक्टरांना दोनदा फोन करून आपलं हसं करून घेण्यापेक्षा एका इस्त्रीवालीचा जीव वाचला तर परवडेल, असा त्यांनी हिशेब केला. मुंगीला ती भेट मिळाली ती त्यांच्या दिमाखामुळं, एवढं मी त्यांच्या खात्यावर जमा करायला तयार आहे. आम्ही निघताना म्हणाले, "उद्यापासून तू संध्याकाळी यायचं नाही. फक्त सकाळी, पलीकडं." पगार अर्धा. म्हणजे पत्र्यांची बाजू त्यांच्या लेखी शिक्षा आहे, हे निदान त्यांच्याच तोंडून कळलं.

मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आम्ही आमच्याच कपड्यांत गेलो. ते तुटक होते, पण त्यांनी यंत्रावर तिचं हृदय दाखवलं. एक झडप आकसून अगदी चिरेएवढी झाली होती. "लवकर आला असतात तर शिरेतून फुगा घालून उघडता आली असती," ते म्हणाले. "आता बदलावी लागेल. मोठं ऑपरेशन आहे. इतके दिवस कोणा डॉक्टरला दाखवलं नाहीत?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुंगी म्हणाली, "दाखवलं होतं की. आमचे डॉक्टर फार चांगले आहेत. त्यांनीच पाठवलं."

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि ऑपरेशनसाठी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी. त्यांच्याकडचा खर्च आमच्या सात पिढ्यांना झेपला नसता. सरकारीत तिचं नाव लागलंय. पुढं बरीच माणसं आहेत, ती कमी होतील तसा नंबर येईल, असं तिथला कारकून म्हणाला. कशी कमी होतील ते मी विचारलं नाही. गोळ्यांनी धाप थोडी उतरलीय. झोपते मात्र अजून बसूनच.

त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बाकावर बसलो होतो. मी डॉक्टरांच्या बेचाळीस पिढ्यांचा उद्धार करत होते. मुंगी ऐकत होती, मग हळूच म्हणाली, "असं नको बोलूस गं. वहिनी, त्यांनी ते लावण्याआधी हातावर गरम केलं होतं."

"काय?"

"ती चकती. मला गार लागू नये म्हणून." तिनं आपला हात छातीवर त्याच जागी ठेवला होता. "असं माझ्यासाठी कोणी कधी केलं नव्हतं."

तेव्हा मात्र मला रडू आलं. ज्या माणसानं तिचं वर्ष खाल्लं, त्याच्या तळहाताच्या उबेवर ही पोरगी खूश होती. मी तिला सांगितलं नाही की ती ऊब हिरव्या ड्रेससाठी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र्यांकडं लवकर गेले. तपासायच्या टेबलावरचे खोके उचलून खाली ठेवले, टेबल पुसलं. घरून एक चादर आणली होती, मुंगीच्या हातची घडी. ती अंथरली. डॉक्टर आले, टेबल बघितलं आणि नळी गळ्यात अडकवली.

पहिला पेशंट म्हातारा पहारेकरी, खोकल्याचा. टॉवरच्या फाटकावर रात्रपाळी करतो. बरीच वर्षं येतोय. स्टूलावर बसणार होता, मी त्याला टेबलावर बसवलं. डॉक्टरांनी चकती त्याच्या शर्टाला लावली आणि उचलायला लागले.

"डॉक्टर, कानात," मी म्हटलं.

"काय?"

"नळी. कानात घाला."

"सिस्टर!" ते दात आवळून म्हणाले. रस्त्याच्या या बाजूला त्यांनी मला सिस्टर म्हणण्याची ही पहिली वेळ.

म्हाताऱ्यानं मान वळवली. त्यानं नळीची टोकं बघितली, गळ्यात लोंबणारी. मग डॉक्टरांचे कान बघितले. एवढ्या वर्षांचा हिशेब त्याच्या तोंडावर हळूहळू लागत गेला. "हो की," तो म्हणाला. "कानात घाला की साहेब."

पडद्याबाहेर कोणीतरी हसलं. मग एक बाई मोठ्यानं म्हणाली, "आमच्या वेळेलाही घाला म्हणावं." मागून अजून कोणीतरी तेच म्हणालं. आता हसत कोणी नव्हतं. पडदा कुणीतरी बाजूला सारला होता आणि दारात माणसंच माणसं होती.

डॉक्टरांनी नळी कानात घातली. म्हाताऱ्यानं शर्ट वर केला. चकती लागली तसा तो दचकून मागं सरकला.

"गार आहे हो," तो म्हणाला.

"हातावर गरम करून लावतात आधी," मी म्हटलं. "येतं डॉक्टरांना. रोज संध्याकाळी करतात."